सपाटीवरचा मुक्काम: पुणे ते कच्छ, एक मोटरसायकल, दोन माणसे आणि तंबू

१८ नोव्हेंबर २०२३

पुण्याहून निघून नाशिक, सापुतारा, भरूच, भाल, छोटे रण, धोलावीरा, भुज आणि परत असा फेरा एकाच मोटरसायकलवरून दोघांनी करायचा आणि जिथे शक्य असेल तिथे तंबूत राहायचे, असा आमचा बेत आहे. सापुताऱ्याचा घाट उतरल्यावर पुढचा जवळजवळ सगळा मुलूख सपाट आहे. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी लिहून ठेवलेली माहिती भरपूर मिळते. सपाट प्रदेशात जोडीने तंबू घेऊन फिरणाऱ्यांना उपयोगी पडेल असे मात्र फारसे हाती लागत नाही, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

गाडी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ आहे. टाकी १५ लिटरची, पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची आणि दोन्ही टायर ट्यूबवाले. मी आणि नवरा आलटून पालटून गाडी चालवतो. सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्यामुळे रिकाम्या गाडीवर माझे दोन्ही पाय टेकतात. पण सामान भरल्यावर गाडी एकदा कलली की ती पायाने सावरता येत नाही. त्यामुळे सामान किती आणि कुठे, हा प्रश्न आम्ही सगळ्यात आधी सोडवायला घेतला.

आज दोन्ही बाजूंचे रॅक बसवून मिळाले. बाजारात मिळणाऱ्या तयार रॅकची किंमत परवडेना, म्हणून पाइप वाकवून ते एका स्थानिक वर्कशॉपमध्ये करून घेतले. खर्च ४,८०० रुपये झाला. चार दिवसांत होणारे काम दोन आठवडे लांबले. कॅनव्हासच्या बाजूच्या बॅगांना ५,२०० रुपये पडले. पत्र्याच्या पेट्या जाणीवपूर्वक टाळल्या आहेत, कारण रिकाम्या पेट्यांचेच वजन आठ-दहा किलो भरते.

९ डिसेंबर २०२३

चाचणीचा मुक्काम भिगवणजवळ, उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात केला. ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती आणि जिथे मुख्य प्रवासात आम्ही ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाणार आहोत, तिथे इथे चाळीसनेच जावे लागले. तरीही एकदा मोकळा रस्ता मिळाल्यावर जे कळायचे ते कळले. सत्तरच्या पुढे गेले की हँडल हलके पडून थरथरत होते आणि समोरून ट्रक गेल्यावर हवेचा धक्का बसून गाडीचे तोंड बाजूला सरकत होते. तंबू, स्लीपिंग बॅगा आणि स्वयंपाकाचे सामान आम्ही मागच्या कॅरिअरवर उंच रचले होते. सगळे वजन मागच्या एक्सलच्याही मागे गेल्यामुळे पुढचे चाक रस्त्याला नीट दाबून धरत नव्हते.

मुक्कामाला दुसरी अडचण आली. संध्याकाळी काळ्या मातीत साइड स्टँडवर उभी केलेली गाडी रात्री दव पडून जमीन मऊ झाल्यावर हळूहळू कलंडली आणि पहाटे आडवी झाली. नुकसान आरशापुरतेच झाले, पण तंबू तिच्या दुसऱ्या बाजूला असता तर गाडी आमच्या अंगावर आली असती. घरी आल्यावर १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याला भोक पाडले आणि उचलायला सोपे जावे म्हणून दोरी ओवून हँडलला बांधून ठेवला. साइड स्टँडखाली तो ठेवल्याशिवाय मातीवर गाडी सोडायची नाही. आणि तंबू नेहमी स्टँडच्या विरुद्ध अंगाला, गाडीच्या उंचीपेक्षा जास्त अंतर सोडून लावायचा.

१६ डिसेंबर २०२३

आजचा सगळा दिवस वजनात गेला, आणि तो सत्कारणी लागला. ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडे ३०० किलोपर्यंतचा सपाट इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काट्यावर एक चाक आणि दुसऱ्या चाकाखाली काट्याच्याच उंचीच्या विटा, अशा रीतीने दोघेही हेल्मेट-जॅकेटसह बसून पुढचे आणि मागचे वजन वेगवेगळे घेतले. दोन हमालांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली होती. दुसऱ्या चाकाखाली विटा ठेवण्याचे टाळू नये, कारण गाडी कललेली असेल तर आकडे फसवे येतात.

टाकी भरलेली गाडी २०० किलो, आम्ही दोघे कपड्यांसह १३४ आणि सामान रॅकसकट ६२, अशी एकूण बेरीज ३९६ किलो झाली. त्यातले पुढच्या चाकावर १२८ आणि मागच्या चाकावर २६८ होते. हँडल का थरथरत होते, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

घरी येऊन सगळे सामान चादरीवर मांडले. घडीच्या दोन खुर्च्या, घडीचे टेबल, दुसरी कढई, जाड पांघरूण, पाच किलोंचा हत्यारांचा डबा हे सगळे बाजूला काढले. हत्यारे फक्त त्या गाडीच्या नट-बोल्टांना लागतील तेवढीच घेतली आणि ती एका कापडी गुंडाळीत बांधली. कपडे प्रत्येकी अंगावरचा एक जोड आणि बॅगेत दोन. मग उरलेल्याची जागा बदलली. हत्यारे, दोन ट्यूब आणि पाण्याच्या पाच-पाच लिटरच्या दोन मऊ पिशव्या पुढे लेग गार्डला दोन्ही बाजूंनी लावलेल्या छोट्या बॅगांत गेल्या. जड डबे बाजूच्या बॅगांच्या तळाशी ठेवले. मागच्या कॅरिअरवर फक्त तंबू आणि स्लीपिंग बॅगा, म्हणजे फुगीर पण हलके तेवढेच राहिले.

२३ डिसेंबर २०२३

त्याच काट्यावर पुन्हा वजन केले. सामान ३८ किलोंवर आले आहे. एकूण ३७२, पुढे १३७ आणि मागे २३५. म्हणजे एकूण वजन चोवीस किलोंनी घटले आणि तरीही पुढच्या चाकावरचा भार नऊ किलोंनी वाढला. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीपर्यंत चालवून पाहिले. हँडल स्थिर आहे. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची स्प्रिंग दोन खाचा कडक केली आणि हवेचा दाब दोघांसाठी सांगितला आहे तेवढा ठेवला.

मागचा भाग सामानाने दबला की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, समोरच्यांच्या डोळ्यांवर जातो आणि आपल्याला जवळचा रस्ता दिसत नाही. त्यामुळे भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून, दोघे बसून, रिकाम्या गाडीच्या झोताची खडूने जिथे खूण केली होती तिथे झोत परत खाली आणला. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

तंबूबरोबर आलेल्या तारेच्या खुंट्या भिगवणला वाकल्या होत्या. लोहाराकडून ८ मिलिमीटरच्या सळईच्या फूटभर लांबीच्या सहा खुंट्या टोक काढून आणि डोके वाकवून करून घेतल्या. सहांचे वजन सातशे ग्रॅम भरते. शिवाय रेतीसाठी जाड मांजरपाटाच्या चार पिशव्या शिवल्या. त्यांत वाळू भरून, तोंड बांधून त्या पुरल्या की खुंटीचे काम होते.

९ जानेवारी २०२४, भरूच

काल नाशिकला नातेवाइकांकडे राहिलो आणि आज सापुतारा, वघई, वांसदा, चिखली या मार्गाने भरूचला आलो. पेट्रोल महाराष्ट्रात लिटरला १०६ रुपयांच्या आसपास आहे आणि सीमा ओलांडल्यावर ९६च्या आसपास; म्हणून नाशिकला टाकी भरली नाही, लागेल तेवढेच घातले आणि वांसद्यात भरून घेतली. चिखलीपासून पुढे महामार्गावर ट्रकांची एवढी गर्दी आहे की तिथे तंबूचा विचार करण्यात अर्थ नाही. लॉजवर राहिलो.

१० जानेवारी २०२४, भरूच ते तारापूर

उत्तरायण, म्हणजे गुजरातची पतंगांची संक्रांत, १४ तारखेला आहे आणि पतंग आठवडाभर आधीच उडू लागले आहेत. दुचाकीवाल्याच्या गळ्यावर मांजा बसून दरवर्षी माणसे दगावतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो पूर्ण थांबलेला नाही. गुजरातेत या दिवसांत रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर लोखंडी सळईच्या कमानी विकायला असतात. आरशांच्या दांड्यांना दोन्ही टोके कसायची आणि कमान चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर येते. आम्ही ८० रुपयांची घेतली, पण ती आमच्या गाडीच्या काचेला घासून वाजू लागली आणि तासाभरात एका बाजूचा बोल्ट सैल झाला. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दुहेरी नट लावल्यावर ती घट्ट बसली. मांजा कमानीला अडला नाही तर म्हणून गळ्याभोवती जाड चामडी पट्टाही बांधला.

जंबुसरच्या बाहेर कमानीचा उपयोग समजला. उन्हात काहीच दिसले नव्हते. कमानीवर खर्रकन आवाज झाला आणि थांबून पाहिले तर गुलाबी, काचेची पूड लावलेला दोरा सळईवरून घसरत एका बाजूला गेलेला होता आणि सळईच्या रंगावर त्याने केसाएवढी बारीक चकचकीत रेघ ओढली होती. ती रेघ माझ्या हनुवटीच्या उंचीवर होती. त्यानंतर प्रत्येक गावातून तीसच्या वर वेग नेला नाही आणि १४ तारखेला गाडी मुळीच चालवायची नाही, हे ठरले.

बडोदा-अहमदाबाद द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे पादरा, बोरसद, तारापूर असा रस्ता धरला. चरोतरची ही तंबाखूची शेते हिरवीगार आणि सपाट आहेत, पण प्रत्येक इंच लागवडीखाली असल्याने तंबूला जागा मिळायला वेळ लागला. अंधार पडण्याच्या दोन तास आधी विचारायला सुरुवात करावी, हे इथे समजले. पाचच्या आत विचारले की लोक शांतपणे चौकशी करून जागा दाखवतात. अंधारात विचारले की त्यांना संशय येतो, आणि तो रास्त असतो. आम्ही मंदिराच्या पुजाऱ्याला विचारले, त्यांनी सरपंचांना फोन केला, आधारकार्डाच्या झेरॉक्स पाहिल्या आणि धर्मशाळेच्या अंगणात तंबू लावायला सांगितले. सरपंचांच्या घरच्या बाईंनी मला आत राहण्याचा बराच आग्रह केला. दोघांपैकी एक बाई असली की दारे लवकर उघडतात, असा माझा या संपूर्ण प्रवासातला अनुभव आहे.

११ जानेवारी २०२४, भाल

वटामण चौकडीनंतर भाल सुरू होतो. खंभातच्या आखाताला लागून असलेला हा काळ्या, खारट मातीचा पट्टा आहे आणि इथला भालिया गहू पावसाळ्यानंतर जमिनीत साठलेल्या ओलीवरच, सिंचनाशिवाय पिकतो. धोलेऱ्याच्या पुढे क्षितिजापर्यंत झाड दिसत नाही. वेळावदरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या परवानगीने पडीक तुकड्यात मुक्काम केला.

झाड नाही म्हणजे वाऱ्याला आडोसा नाही, सावली नाही, दोरी बांधायला खोड नाही आणि शौचाला आडही नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक प्रवासवर्णनांत गाळलेला असतो, पण बायकांसाठी तो सगळ्यांत आधी येतो. आम्ही एक जुनी सुती साडी घेतली होती. मोटरसायकलचा आरसा आणि जमिनीत रोवलेली तंबूची जादा काठी यांच्यामध्ये ती दुहेरी बांधली की पुरेसा आडोसा होतो. खुरपे घेऊन वीतभर खड्डा करायचा आणि नंतर बुजवायचा. तीच साडी सकाळी स्टोव्हभोवती वाऱ्याला आड म्हणून आणि दिवसा बॅगांवर धुळीपासून झाकण म्हणून वापरली. चारशे ग्रॅम वजनात तिच्याएवढे काम दुसऱ्या कशाने केले नाही.

या मातीत सळईची खुंटी लोण्यासारखी आत जाते आणि वाऱ्याचा झोत आला की तितक्याच सहज वर येते, कारण वरची माती भेगाळलेली आणि खाली ओल असते. रात्री नऊनंतर वारा वाढला आणि वाऱ्याकडच्या दोन्ही खुंट्या निघून तंबूचे कापड तोंडावर येऊ लागले. बाहेर येऊन दोन खुंट्या एकमेकींना फुलीसारख्या, तणाव्याच्या उलट दिशेला झुकवून ठोकल्या आणि वाऱ्याकडचे दोन तणावे मोटरसायकलच्या लेग गार्डला बांधले. मधल्या स्टँडवर उभी, पायांखाली प्लायवूड, अशी सामानासह गाडी हा सपाटीवरचा एकमेव भक्कम खांब आहे. तासभर झोप गेली. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला गाडी वाऱ्याकडच्या बाजूला आधी उभी केली आणि मग तंबू उलगडला.

पहाटे दव इतके होते की तंबूच्या वरच्या कापडातून अर्धा लिटर पाणी झटकून निघाले. ओले कापड गुंडाळले तर संध्याकाळी ते आतल्या कापडालाही ओले करते, म्हणून ते वेगळ्या पिशवीत ठेवून दुपारच्या जेवणाला थांबल्यावर गाडीवर वाळवायचे, हा नेम सुरू केला.

१३ जानेवारी २०२४, वेळावदर ते पाटडी

काल वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात काळवीट पाहिले आणि संध्याकाळी गवतावर झोपायला उतरणाऱ्या भोवत्यांचे (हॅरिअर या शिकारी पक्ष्यांचे) थवे पाहिले. त्याबद्दल लिहायचे तर स्वतंत्र लिहावे लागेल; इथे कामापुरतेच.

धंधुका, लिंबडी, सुरेंद्रनगर, पाटडी असा उत्तरेकडचा रस्ता दिवसभर समोरच्या वाऱ्यात गेला. आतापर्यंत लिटरला २७ किलोमीटर मिळत होते, आज २३च मिळाले. हिवाळ्यात इकडे वारा उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून जाताना पेट्रोलचा हिशेब कमी धरावा. वेग साठवर ठेवला की पेट्रोलही वाचते आणि मानही दुखत नाही. मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याला चिकटून बसल्यास गाडी स्पष्टपणे स्थिर होते. मागे रेलून बसले की कॅरिअरवर भार पडतो आणि हँडल पुन्हा हलके होते.

१४ आणि १५ जानेवारी २०२४, पाटडी परिसर

गाडी उभी. गावात सकाळपासून घरांच्या गच्च्यांवर माणसे आणि आकाशात पतंग. घरून आणलेला तिळगूळ आम्ही गुजरातच्या उत्तरायणाला एकदा आणि आपल्या संक्रांतीला, जी यंदा १५ला आली, दुसऱ्यांदा वाटला. डबा रिकामा झाला आणि सातशे ग्रॅम कमी झाले.

१५ला बजाण्याहून परवाना काढून, स्थानिक जीपने छोट्या रणातल्या घुडखर (रानगाढव) अभयारण्यात गेलो. गाडी मुद्दाम नेली नाही. पावसाळ्यात हे रण पाण्याखाली असते आणि नंतर वरून वाळते. वरचा मिठाचा पापुद्रा भाकरीसारखा कडक दिसतो, पण जीपवाल्याने एका ठिकाणी काठी रोवून दाखवली तर ती हातभर आत गेली आणि टोकाला काळा चिखल आला. आमच्यासकट पावणेचारशे किलो भरणारी दोन चाकांवरची गाडी तिथे रुतली तर दोघांनी ती काढणे शक्य नाही. रणात रात्री तंबू लावण्याचा विचारही करू नये; तो वनखात्याच्या हद्दीतला प्रदेश आहे. आम्ही कडेच्या गावात, एका शेतात राहिलो.

अगरिया कुटुंबे इथे जमिनीखालचे, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट पाणी पंपाने उपसून मीठ पिकवतात. गोडे पाणी त्यांना टँकरने मिळते. तेव्हा त्यांच्याकडे पाणी मागू नये, उलट जाताना आपल्याकडचे द्यावे. पाणी गावातल्या फिल्टरच्या दुकानातून भरून घेतले. वीस लिटरचा जग वीस रुपयांना मिळतो. स्वयंपाक, पिणे आणि तोंड धुणे मिळून दोघांना एका मुक्कामाला आठ लिटर लागतात.

इथली जमीन भालाच्या उलट, दगडासारखी आहे. सळईची खुंटी दगडाने ठोकावी लागली आणि निघताना निघेना. तिच्या वाकवलेल्या डोक्यात दुसरी खुंटी घालून ती गोल फिरवल्यावर सैल झाली. हातोडी घेतली नव्हती. पुढच्या वेळी अर्धा किलोची घेऊ.

१६ जानेवारी २०२४, पाटडी ते रापर

शंखेश्वर, राधनपूर, सांतलपूर, आडेसर. आडेसरच्या पुढे डाव्या बॅगेतून चरचर आवाज येऊ लागला. उतरून पाहिले तर डाव्या रॅकचा खालचा पाइप वेल्डिंगच्या जागी अर्धा तडकला होता. वर्कशॉपने दोन्ही रॅक गाडीला स्वतंत्र जोडले होते, त्यांना एकमेकांशी बांधणारी आडवी पट्टी नव्हती. त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात दोन्ही बॅगा आतबाहेर हलत राहिल्या आणि सगळा ताण वेल्डिंगवर आला. असा रॅक करून घेणाऱ्यांनी नंबरप्लेटच्या मागून जाणारी ही पट्टी आधीच मागून घ्यावी.

बॅग काढून मागे पाठीवर घेतली आणि तीसच्या वेगाने रापर गाठले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा कारागीर मिळाला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर थेट वेल्डिंग केल्यास इलेक्ट्रॉनिक्स जळण्याचा धोका असतो, म्हणून दोन्ही रॅक गाडीवरून काढून दिले. ते शक्य नसेल तर निदान बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात. त्याने तडा घासून काढला, आतून तुकडा देऊन पाइप जोडला आणि २५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी मागून आडवी लावली. मजुरी ३५० रुपये. अर्धा दिवस गेला, पण रॅक आता पहिल्यापेक्षा मजबूत आहे. रापरला टाकी काठोकाठ भरली आणि भुजपर्यंत दुसऱ्या पंपाच्या भरवशावर राहायचे नाही असे ठरवले.

१८ जानेवारी २०२४, धोलावीरा ते बन्नी

काल खडीर बेटावर धोलावीऱ्याला पोहोचलो. २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे हडप्पाकालीन नगर पाहायला सकाळचे तीन तास ठेवावेत. तिथले दगडी जलाशय पाहताना, आठ लिटर पाण्याचा हिशेब करणाऱ्या आम्हाला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला.

धोलावीऱ्याहून खावड्याकडे जाणारा नवा रस्ता सरळ मोठ्या रणातून जातो. दोन्ही बाजूंना पांढरे मीठ, कुठे उथळ पाणी. रस्ता उत्तम आहे, पण वारा आता बाजूने येत होता. गाडी सतत वाऱ्याकडे किंचित कलवून चालवावी लागते आणि समोरून मोठी गाडी गेली की क्षणभर वारा तुटतो, त्या वेळी आपण वाऱ्याच्या दिशेला ओढले जातो. मोठी गाडी दिसली की पन्नासवर येऊन लेनच्या मधोमध राहायचे. सीमा जवळ आहे. मूळ ओळखपत्रे हाताशी ठेवावीत.

खावड्याच्या पुढे बन्नीच्या गवताळ प्रदेशात मागचा टायर बसला. वेड्या बाभळीचा काटा होता. ट्यूब बदलून हवा भरली आणि वीस मिनिटांत ती परत उतरली, कारण काट्याचे टोक तुटून टायरच्या आतच राहिले होते आणि त्याने नवीन ट्यूबही फोडली. दुसऱ्यांदा टायर उघडल्यावर आतून पूर्ण गोल सुती फडके फिरवले. ते ज्या जागी अडकले तिथे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे टोक सापडले आणि ते पकडीने बाहेरच्या बाजूने ओढून काढले. बोट फिरवू नये, काटा बोटात जातो. जुन्या ट्यूबला ठिगळ लावून तीच घातली. सगळे मिळून दोन तास गेले आणि पायपंपाने हवा भरताना दोघांचे हात-पाय भरून आले. २१ इंची ट्यूब खेड्यात मिळत नाही, म्हणून दोन्ही मापांच्या ट्यूब घरूनच न्याव्यात.

उशीर झाल्यामुळे एका मालधारी (गुरे पाळणाऱ्यांच्या) वस्तीशेजारी विचारून थांबलो. त्यांनी तंबूची जागा बदलायला लावली, कारण आम्ही निवडलेली जागा पहाटे म्हशी बाहेर पडण्याच्या वाटेवर होती. भिरंडियाऱ्याचा मावा आणि त्यांनी दिलेले दूध एवढेच रात्रीचे जेवण झाले, आणि ते पुरले.

१९ जानेवारी २०२४, भुज

मिठाचा परिणाम एका दिवसात दिसला. चेनच्या बाहेरच्या कड्यांवर नारिंगी गंज, ब्रेक डिस्कवर पांढरट थर आणि तंबूची चेन तर अर्ध्यावर अडकली. सर्व्हिसिंगच्या दुकानात १०० रुपयांत गाडी धुतली. जोराच्या फवाऱ्याचे तोंड चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर धरू दिले नाही. चेन रॉकेलच्या ब्रशने स्वच्छ करून, पुसून ९० नंबरचे ऑइल दिले. तंबूची चेन कोमट पाण्याने धुऊन, वाळवून तिच्यावर पांढरी मेणबत्ती घासली. काठ्यांचे सांधेही धुतले, कारण अॅल्युमिनियमच्या नळीत मीठ अडकले की त्या एकमेकींत घट्ट बसतात.

स्वयंपाकाचाही इथे निर्णय झाला. ब्यूटेनचे डबे घरून तीन आणले आणि एकच संपला, कारण संध्याकाळी वाऱ्यात पाणी उकळायला दुप्पट वेळ लागतो आणि काठियावाडी ढाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचे भरीत व ताक दीडशे रुपयांत दोघांना मिळते. स्टोव्ह फक्त सकाळचा चहा आणि घरून भाजून आणलेल्या रव्याच्या उपम्यासाठी वापरला. खाकरा आणि गाठिया आधारासाठी पुरतात. दोन डबे, एक पातेले आणि मसाल्याचा डबा उगाच वाहिला.

२३ जानेवारी २०२४, घोघा ते हजीरा

भुज, सुरजबारी, मोरबी, राजकोट, भावनगर असे येऊन आज घोघ्याहून हजीऱ्याची रो-पॅक्स (माणसे आणि वाहने दोन्ही नेणारी) बोट घेतली. रस्त्याने आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर पडतात, समुद्रातून ९०. बोटीला चार तास लागले. आगाऊ आरक्षण करावे लागते आणि वेळेच्या बरेच आधी पोहोचावे लागते. गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर उभी केली, पुढचा ब्रेक रबराने आवळला आणि आपल्या पट्ट्याने जहाजाच्या कडीला बांधली. पतंगाची कमान इथपर्यंत काढली नाही, कारण झाडांवर आणि खांबांवर लोंबकळणारा मांजा उत्तरायणानंतरही बरेच दिवस राहतो. जळगावकडच्या एका ट्रकचालक काकांनी तिच्याकडे पाहून, ती आपल्याकडे पुण्या-नाशकातही विकायला हवी, असे म्हटले. नाशिक-येवल्याकडे संक्रांतीला पतंग उडतातच, तेव्हा त्यांचे म्हणणे मला पटले.

४ फेब्रुवारी २०२४, पुणे

सुमारे २,३०० किलोमीटर झाले. पेट्रोलला साडेआठ हजारांच्या आत, लॉजला चार हजार, खाण्याला सहा हजार आणि दुरुस्ती, धुणे, कमान, पाणी मिळून हजाराच्या आसपास खर्च आला. बोटीचे भाडे आणि प्रवासाआधी घेतलेले सामान यात धरलेले नाही.

आज गाडी उघडली. भुजला धुतलेली असूनही मागच्या ब्रेक कॅलिपरच्या पिना मिठाने कोरड्या पडून अडकू लागल्या होत्या. स्वच्छ करून त्यांना ब्रेकचे ग्रीस लावले. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट थर होता, तोही कोमट पाण्याने काढला. रणातून येणाऱ्यांनी भुजला गाडी धुतली तरी घरी आल्यावर आठवड्याच्या आत चाके, पिना आणि बॅटरी उघडून पाहावी. रॅकची आडवी पट्टी लोखंडी होती आणि तिला गंज धरला होता, म्हणून ती घासून, झिंकचा प्रायमर देऊन रंगवली. साइड स्टँडखालचा प्लायवूडचा तुकडा भालाच्या ओलीने फुगला आहे. त्याच्या जागी जुन्या नायलॉनच्या कटिंग बोर्डचा तुकडा कापून ठेवला.

सामानाच्या यादीतून आणखी पाच किलो काढता येतील, असे दोघांचेही मत झाले. काट्यावर ते पुन्हा मोजायचे आहे.